तेरवी (अपघाती मृत्यूनंतरची, विदर्भ)

तेरवी म्हणजे माणूस गेल्यावर तेराव्या दिवशी होणारा विधी अन् जेवण. म्हातारं माणूस खाटेवर गेलं तर घरचे थोडेफार तयार असतात, पण मोटरपंपाचा करंट, वावरात पडलेली वीज, साप, हायवेवरची टू-व्हीलर, सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी आलाच नाही की हे तेरा दिवस वेगळेच जातात.

सुरुवात घरून होतच नाही. आधी पोलीस, मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा (आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, १ जुलै २०२४ च्या आधी सीआरपीसी १७४), मग पोस्टमार्टम, अन् घरचे बाहेर निंबाखाली बसून. बॉडी शिवून, गुंडाळून मिळते, त्यामुळे आंघोळ नीट घालता येत नाही, तोंडाला पाणी लावलं की झालं, अन् माझ्या मते बायांना हेच जास्त लागतं. मातीले आलेले सोयरे 'कसं झालं' विचारतात अन् नवीन माणूस आला की पहिल्यापासून सांगावं लागतं. बाहेरच्याला हे क्रूर वाटेल, पण दहाव्यांदा सांगताना आवाज जरा कमी कापतो.

घरात चूल पेटत नाही. शेजारीण गंजात चहा अन् टोपलीत भाकरी आणून ठेवते, पोरांना आपल्याकडे झोपवते. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, अस्थी नदीत किंवा रामटेकच्या अंबाळा तलावावर. दहाव्याला केस, पिंड. कावळा शिवला नाही की कोणीतरी मोठ्यानं म्हणतं, 'पोरीचं टेन्शन घेऊ नको बापू, आमी हाओत.' बौद्ध घरांत तेरवी नसते, पुण्यानुमोदन किंवा जलदान विधी होतो.

यातच कागदं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला २ लाख मिळतात, अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, सोबत सातबारा, वारसाचा ६-क (तलाठ्याकडची वारस नोंद), पीएम रिपोर्ट. तलाठ्याकडे दीर नाहीतर जावई जातो कारण बाईनं सुतकात बाहेर पडू नये म्हणतात, सही मात्र तिचीच पाहिजे असते!

तेरवीच्या जेवणाला उधारीही होते, ती वेगळीच. मंडप उतरतो, सोयरे जातात, अन् खरं रिकामं घर तेव्हा दिसतं. मग पहिला पोळा येतो. बैल तोरणात मोठा पोरगा नेतो, वय काही का असेना, अन् दारात बैल परत आले की ओवाळायला काकू पुढे होते, माय आत चुलीपाशी बसून राहते.