ऑलिव्ह राजस्थानात आला, त्याची पार्श्वभूमी

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात ऑलिव्ह ठिबकवर वाढतो, मग बिकानेरच्या वाळूत का वाढू नये? राजस्थानातल्या ऑलिव्हची सुरुवात या हिशेबातून झाली. २००७ मध्ये 'राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड' स्थापन झाली. राज्याचं कृषी पणन मंडळ, एक इस्रायली कंपनी आणि पुण्याची ठिबकवाली फिनोलेक्स प्लासन असे तीन भागीदार. इस्रायलहून सुमारे १ लाख १२ हजार रोपं आली आणि २००८ पासून सात सरकारी फार्मांवर, १८२ हेक्टरांत लागली.

वाणही सातच: अर्बेकिना, बार्निया, कोराटिना, फ्रांटोयो, कोरोनेकी, पिकुअल, पिशोलिन. आपल्या संत्र्याला जसं नागपूर चिकटलंय, तशी यातल्या काहींना गावं चिकटली आहेत. अर्बेकिना कातालोनियातल्या अर्बेका गावचा, कोराटिना इटलीतल्या कोरातोचा. बार्नियाचं मूळ सिनाईतल्या कादेश बार्नियाकडे. इस्रायली शास्त्रज्ञ शिमोन लावी यांनी तो निवडून पुढे आणला.

ऑलिव्हचं झाड काटक. जगतं कुठेही, फळतं मात्र सगळीकडे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हडसन हार्टमन यांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की हिवाळ्यात पुरेशी थंडी मिळाली नाही तर झाड हिरवंगार राहतं, पण मोहोर येत नाही. ही थंडीची भूक वाणागणिक वेगळी. अर्बेकिना, कोरोनेकी थोडक्यात भागवतात. फ्रांटोयोला जास्त लागते. (आपल्या सह्याद्रीतलं पारजांभूळही ऑलिव्हच्याच कुळातलं, पण त्याचं घर दमट जंगलात. त्यावरून इथल्या लागवडीचे अंदाज बांधू नयेत.)

नेगेव्हशी तुलना अडखळते ती मला वाटतं पावसापाशी. भूमध्य प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. राजस्थानात नेमकं उलट: बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि त्याआधी मे-जूनमध्ये कोवळ्या फळांवर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा. पाणी साचलं तर ऑलिव्हची मुळं कुजतात, म्हणून निचऱ्याची वाळू इथे कामी येते.

उष्णतेची आणखी एक मेख आहे, तेलातली. वायव्य अर्जेंटिनाच्या उष्ण भागात अर्बेकिना फळला. जेमतेम करवंदाएवढं फळ, पण तेल भरपूर. तरीही अनेकदा त्या तेलातलं ओलेइक आम्ल (ऑलिव्ह तेलातलं मुख्य स्निग्धाम्ल) ५५ टक्क्यांच्या खाली उतरलं. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ऑलिव्ह तेलात ते किमान तेवढं असावं लागतं. म्हणजे वाण मोहोरला, फळला, तरी त्याचं तेल मानकात बसेलच असं नाही.

२०१४ मध्ये बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेलाचा कारखाना सुरू झाला. पुढे काही वर्षांत ऑलिव्हच्या पानांचा चहाही बाजारात आला. त्यासाठी मोहोराची वाट पाहावी लागत नाही.