जाळीतलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात नाही

"रस्त्याकडेच्या जाळीत काहीही ओता, पुढे शुद्धीकरण केंद्रात ते साफ होतंच," असा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. समज स्वाभाविक आहे. जमिनीखालची गटारं दिसतात कुणाला?

पण लाइनी दोन आहेत. संडास-मोरीचं पाणी ड्रेनेजमधून केंद्राकडे जातं (सगळं पोचत नाही, पण तो वेगळा विषय). जाळीतलं पाणी पावसाळी गटारातून, कुठलीही प्रक्रिया न होता, जवळच्या ओढ्यात. पुण्यात कात्रजकडचं आंबिल ओढ्यातून मुठेत, पुढे मुळा-मुठेतून भीमेत, मग उजनी धरणात.

पडताळायचं तर एप्रिलमध्ये ओढ्यावरच्या पुलावरून खाली पाहा. काठाच्या भिंतीत पावसाळी पाइपांची तोंडं दिसतील. पाऊस नसताना ती कोरडी हवीत. साबणाचा फेस, रंगाची पांढुरकी धार किंवा तेलाचा तवंग दिसला, तर वर कुणीतरी गाडी धुतलीय, ब्रश धुतलेत. दुर्गंधी असेल, तर बहुधा ड्रेनेजच जोडलंय.

म्हणून सोसायटीत रंगकाम निघालं की कंत्राटदाराला आधीच बजावावं: ब्रश जाळीवर धुवायचे नाहीत, सिमेंटचा राडा गोणीत भरायचा. मे महिन्यात जाळीवरचा पाला उचलायचा. आत ढकलला तर पहिल्याच पावसात रस्ता तुंबतो.