आंबट बिअर म्हणजे नासलेली बिअर?

पिंपात मुरवलेल्या फार्महाउस एलबद्दल (शेतांवर बिअर बनवण्याच्या परंपरेतून आलेला बिअरचा प्रकार) एक समज वर्षानुवर्षे फिरतो: आंबट लागली किंवा तबेल्यासारखा वास आला, की बाटली खराब झाली, ओतून द्या.

नेहमीच्या लागरची, म्हणजे बाजारात सर्रास मिळणाऱ्या बिअरची, चव जिभेवर असेल तर असे वाटणे स्वाभाविक आहे. लागरमध्ये आंबटपणा हा खरोखरच दोष असतो. पण बेल्जियमच्या वालोनी भागातल्या सेझोनसारख्या एलची गोष्ट वेगळी. त्यातली काही ओकच्या पिंपात महिनोन् महिने ठेवतात. लाकडातून अगदी थोडा ऑक्सिजन आत झिरपतो आणि लाकडाच्या छिद्रांत ब्रेटानोमायसिस नावाचे यीस्ट टिकून राहते. चामडे, सुके गवत, तबेला हे वास त्याचेच. आंबटपणा येतो तो मुख्यतः लॅक्टिक आम्लाचे जिवाणू काम करतात म्हणून, म्हणजे दह्यात असतो तोच प्रकार.

खरा दोष कसा ओळखायचा? बिअर बर्फगार नको, साधारण 10 ते 13 अंश सेल्सिअसला प्या. फार थंडीत वास दबतात, दोषही लपतात. आधी नुसता वास घ्या. नाकात झोंबणारा व्हिनेगर, नेलपॉलिशसारखा उग्र दर्प किंवा उलटीची आठवण करून देणारा वास असेल तर शंका रास्त आहे. मग घोट घ्या. लॅक्टिक आंबटपणा स्वच्छ असतो, तोंडाला पाणी सुटते. व्हिनेगरचा आंबटपणा घशात जळजळतो. त्याची पुसट छटा चालते, पण बाकी सगळे झाकून टाकत असेल तर तो दोषच. शंका उरलीच तर त्याच बॅचची दुसरी बाटली उघडून शेजारी ठेवा.