सोलापूरचं कॉलेज, वसतिगृह आणि एसटीने येणारा डबा

सोलापूरच्या दयानंद कॉलेजची गोष्ट 1940 पासून सांगितली जाते. ती खरं तर दोन वर्षं आधी सुरू होते, तीही निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानात धार्मिक आणि नागरी स्वातंत्र्यावर बंधनं आली, तेव्हा आर्य समाजाने सत्याग्रह पुकारायचं ठरवलं. डिसेंबर 1938 मध्ये त्यासाठीची परिषद सोलापुरात भरली, अध्यक्ष होते लोकनायक बापूजी अणे. सोलापूर ब्रिटिश मुलखात आणि अगदी सीमेवर. तुळजापूर इथून पंचेचाळीस किलोमीटर, पण तेव्हा ते निजामाचं. सत्याग्रहींच्या तुकड्या सोलापूरहून निघत. गावाने त्यांना आसरा दिला, जेवूखाऊ घातलं. त्या ऋणानुबंधातून लाहोरच्या डीएव्ही (दयानंद अँग्लो-वैदिक) या आर्य समाजी शिक्षणसंस्थेने 1940 मध्ये इथे कॉलेज काढलं.

त्याआधी मॅट्रिक झालेल्या सोलापूरच्या मुलाला पुण्याचं फर्ग्युसन नाही तर सांगलीचं विलिंग्डन गाठावं लागे. गिरणीत सांधेवाल्याचं, म्हणजे तुटलेले धागे जोडायचं काम करणाऱ्या बापाला मुलाचा परगावचा खर्च कसा झेपणार? जुनी गिरणी 1877 पासून सुरू होती. शहर कमवत होतं, पण पदवीसाठी गाव सोडावंच लागत होतं. सीमेपलीकडची अवस्था आणखी बिकट. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून, आणि 1938 मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल तिथल्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं. उस्मानाबाद, लातूरकडच्या मुलांना सोलापूर जवळचं वाटू लागलं ते यामुळे. आजही इथल्या वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुलं एका बाकावर बसतात.

पण कॉलेजची इमारत उभी राहिली म्हणून शिक्षण सगळ्यांच्या आवाक्यात आलं, असं मला वाटत नाही. राहायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न आधी सुटावा लागतो. सोलापुरात तो कॉलेजच्या पंधरा वर्षं आधी एका माणसाने हाती घेतला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 ला इथे अस्पृश्य समाजातल्या हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह उघडलं. सभेच्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक. राहणं, जेवण, कपडे, शिक्षणाचा खर्च असं सगळं सभेकडे, देखरेखीला सोलापूरचेच जिवाप्पा ऐदाळे, आणि नगरपालिकेची दरमहा 40 रुपयांची मदत. सोलापूरच्या विद्यार्थी सोयींचा इतिहास लिहायचा तर पहिलं पान या वसतिगृहाचं हवं, असं माझं ठाम मत आहे.

पुढे सोयी वाढत गेल्या. 1953 मध्ये संगमेश्वर कॉलेज निघालं, 1963 मध्ये वैद्यकीय महाविद्यालय. 1959 मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी फीची ईबीसी सवलत आली आणि फीमुळे अडलेली कितीतरी मुलं वर्गात पोचली. नोकरी सांभाळून शिकणारेही होतेच. सुशीलकुमार शिंदे यांनी इथल्या कोर्टात नोकरी केली आणि पदवी घेतली ती दयानंदमधून.

जेवणाचा प्रश्न मात्र बऱ्याच घरांनी आपल्या पद्धतीने सोडवला, एसटीने. करमाळा, बार्शी, मंगळवेढा, सांगोला, तुळजापूर, कुठूनही सकाळच्या गाडीत डबे यायचे. कापडी पिशवी, आत स्टीलचा डबा, झाकणावर ऑइलपेंटने मुलाचं नाव आणि गाव. स्टँडवर गाडी लागली की मुलं ड्रायव्हरच्या केबिनकडे धावत, आपली पिशवी गाठीवरून ओळखत. आत ज्वारीच्या भाकरी, उखळात कुटलेली शेंगाचटणी, एखादी पातळ भाजी. महिन्याच्या शेवटी कडक भाकऱ्यांची चवड यायची. ती बरेच दिवस टिकते, दूध नाही तर आमटीत कुस्करली की जेवण झालं. रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत. कधी त्यातच चिठ्ठी असायची, परीक्षेची फी भरायची आहे म्हणून. खोलीत चौघं असले तरी चार डबे एकत्र उघडत, आणि कुणाचा डबा आला नाही म्हणून कुणी उपाशी राहत नसे.

या काळात कॉलेज जागचं हललं नाही, विद्यापीठं मात्र बदलत गेली. आधी मुंबई, 1949 नंतर पुणे, 1962 पासून कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. कोल्हापूरचं काम म्हटलं की एसटीत निम्मा दिवस जायचा. एम.ए., एम.एस्सी.साठी सोलापूरजवळच्या केगावला पदव्युत्तर केंद्र निघालं तेव्हा थोडी सोय झाली. 1 ऑगस्ट 2004 ला फक्त सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झालं. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. एकाच घरात आजोबांच्या पदवीवर पुण्याचा शिक्का, वडिलांच्या पदवीवर कोल्हापूरचा आणि मुलीच्या पदवीवर सोलापूरचा, असं इथे सहज सापडतं.

अकरा तालुक्यांतल्या मुली आता रोज पास काढून येतात-जातात, वसतिगृहांत राहतात, ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम करतात. स्टँडवर सकाळच्या गाडीतून अजूनही पिशव्या उतरतात. झाकणावरच्या नावांत आता मुलींची नावं असतात.