साथरोगांची वर्तनाधारित गणिती प्रतिमाने

साथ आली की माणसे वागणे बदलतात, आणि वागणे बदलले की साथीची चाल बदलते. हे दुहेरी नाते समीकरणांत मांडणाऱ्या मॉडेलना वर्तनाधारित प्रतिमाने म्हणतात. जुन्या प्रतिमानांत माणूस म्हणजे नुसता आकडा होता. शेजारी आजारी पडला तरी तो पूर्वीसारखाच बाजारात जाई.

या शाखेचा पाया कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या संशोधकांच्या १९२७ च्या निबंधात आहे. त्यांनी लोकसंख्येचे तीन गट पाडले: लागण होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले किंवा दगावलेले. पडताळ्यासाठी घेतले मुंबईतील १९०५-०६ च्या प्लेगमृत्यूंचे आकडे. वक्र सुरेख जुळला, पण त्यात संसर्गाचा दर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच धरला होता. प्लेगात माणसे घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहत, हे आपल्याकडे आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलेले असते. त्या झोपड्यांना समीकरणात जागा नव्हती. १९७८ मध्ये कापासो आणि सेरिओ यांनी ती केली: बाधित वाढतील तसा संसर्गाचा दर दबत जातो, असे त्यांनी मांडले.

हिशेब साधा आहे. एक रुग्ण सरासरी २.५ जणांना लागण देत असेल, तर साथ थोपवायला ६० टक्के संसर्ग टळावा लागतो. सगळ्यांनी बाहेर पडणे निम्मे केले तर नागपूरच्या इतवारी बाजारातल्या गर्दीतल्या गाठीभेटी निम्म्या नव्हे, पाव होतात, कारण भेटीला दोघे लागतात. हे अर्थात माणसे कशीही, कुणालाही भेटतात असे मानून. घरातल्या घरात हा नियम चालत नाही.

खरी गुंतागुंत विलंबाची आहे, आणि ती नागपूरच्या कूलरमध्ये चांगली दिसते. उन्हाळा सरला की पंप बंद होतो, पण कूलर खिडकीला तसाच राहतो. ताट्या वाळतात, टाकीत पावसाचे पाणी साठते. डेंग्यूचा एडिस डास पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. म्हणून पाणी ओतून देणे पुरत नाही, भिंत घासावी लागते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस, रुग्णाला चावलेल्या डासात विषाणू तयार व्हायला तेवढेच, मग माणसाला ताप यायला आणखी चार ते दहा. म्हणजे आज न घासलेल्या टाकीचा ताप तीन-चार आठवड्यांनी येतो. गल्लीत दोघे-तिघे तापाने पडले की घरोघरी टाक्या घासल्या जातात. रुग्ण कमी झाले की तो उत्साह ओसरतो, आणि ओसरल्याचा परिणामही तितकाच उशिरा कळतो. भीती आणि कंटाळा यांचा असा खो-खो मॉडेलमध्ये घातला की एका टेकडीऐवजी लाटा येतात. विलंब कमी असेल तर लांबलचक पठार.

कोविडच्या काळात हे सगळीकडे दिसले. नागपुरात १५ मार्च २०२१ पासून कडक टाळेबंदी लागली, तरी एप्रिलमध्ये रोजचे नवे रुग्ण सात हजारांपुढे गेले. यावरून टाळेबंदी निरुपयोगी ठरवणे घाईचे होईल. ती नसती तर काय झाले असते, हा प्रश्न आकड्यांतून थेट सुटत नाही; त्याच्यासाठीच मॉडेल लागते.

लसीकरणाला बहुधा खेळ-सिद्धांत, म्हणजे दुसरे काय करतील ते पाहून आपले ठरवण्याचे गणित, लावतात: बाकीच्यांनी टोचून घेतली तर मला कशाला, असा विचार प्रत्येकाने केला तर किती जण लशीविना राहतील?

सर्वांत कच्चा दुवा भीती मोजण्याचा. मोबाइलच्या नोंदींवरून कोण किती फिरले ते कळते, टाकी कुणी घासली ते कळत नाही. शिवाय वर्तन नेहमी साथीला घाबरून बदलते असेही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन डेंग्यूच्या हंगामात, जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जावी म्हणून केलेले मोठे पुतळे, यांची मिरवणूक निघते. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत हजारो लोक अरुंद रस्त्यांत खांद्याला खांदा लावून चालतात. डेंग्यूला त्या गर्दीने फरक पडत नाही. श्वासातून पसरणाऱ्या रोगाच्या मॉडेलमध्ये मात्र तो दिवस संपर्कदराची एक उंच उडी म्हणून लिहावा लागतो.