फाइल सिस्टिमच्या सेटिंग्ज: तबकडीपासून फ्लॅशपर्यंत

सुरुवातीच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल सिस्टिमला, म्हणजे फाइल डिस्कवर कुठे ठेवायच्या हे ठरवणाऱ्या भागाला, आपण कोणत्या डिस्कवर बसलो आहोत, याचं सोयरसुतक नव्हतं. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे, म्हणजे ब्लॉक, मोकळी जागा सापडेल तिथे पडत. त्यामुळे डिस्कच्या क्षमतेच्या जेमतेम २ टक्के वेग हाती लागे.

यावर कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात मॅकक्यूसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी फास्ट फाइल सिस्टिम लिहिली. १९८४ च्या त्यांच्या शोधनिबंधात हा आकडा ४७ टक्क्यांपर्यंत गेलेला दिसतो. ब्लॉक किमान ४०९६ बाइटचा झाला. फाइल आणि तिचा आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) शक्यतो एकाच सिलिंडर ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या शेजारशेजारच्या ट्रॅकच्या गटात, राहू लागले. त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे तबकडी किती वेगाने फिरते, एका ट्रॅकवर (तबकडीवरच्या वर्तुळावर) किती सेक्टर (त्याचे छोटे भाग) आहेत, हेही तिला सांगावं लागे. प्रोसेसर पुढची मागणी पाठवेपर्यंत शेजारचा सेक्टर वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या हेडखालून निघून जाई आणि मग अख्खा फेरा थांबावं लागे. म्हणून पुढचा ब्लॉक मुद्दाम थोडं अंतर सोडून लिहिला जाई. हे अंतर ट्यूनएफएस या आज्ञेने बदलता येई.

मग डिस्कच खोटं बोलू लागल्या. बाहेरच्या ट्रॅकवर जास्त सेक्टर मावू लागले, डिस्कमध्ये स्वतःचा बफर आला, आणि बाहेर सांगितलेली भूमिती निव्वळ कागदावरची उरली. सोडलेलं अंतर आता उलट वेग खाऊ लागलं. जुने आकडे मात्र चिवट असतात: लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आजही, सेटिंग बदललं नाही तर, ५ टक्के जागा प्रशासकासाठी (रूट) राखून ठेवते. १० टीबीच्या डिस्कवर ती ५०० जीबी होते; नुसता डेटा ठेवायच्या डिस्कवर इतकी राखीव जागा मला उधळपट्टी वाटते.

२०१० च्या सुमारास ४ केबी सेक्टरच्या डिस्क आल्या, पण बाहेर ५१२ च सांगत. जुन्या पद्धतीची पार्टिशन, म्हणजे डिस्कचे विभाग, ६३ व्या सेक्टरपासून सुरू होई. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक ४ केबी ब्लॉक दोन खऱ्या सेक्टरांवर पसरे आणि लिहिण्याआधी वाचावं लागे. पार्टिशन १ एमबीपासून सुरू करण्याची रीत यावरचाच तोडगा. झेडएफएस या फाइल सिस्टिममध्ये हाच हिशेब अ‍ॅशिफ्ट या सेक्टरचा आकार सांगणाऱ्या सेटिंगमध्ये येतो. तो चुकला तर नंतर बदलता येत नाही.

फ्लॅश मेमरीवर चालणाऱ्या एसएसडीत हेडच नाही. त्यामुळे हेडची धावपळ वाचवण्यासाठी मागण्यांचा क्रम लावणारे शेड्यूलर निरुपयोगी ठरले. एनव्हीएमई या वेगवान जोडणीच्या एसएसडीवर लिनक्समध्ये बहुधा 'नन' (शेड्यूलर नाहीच) असतो. प्रश्न उरला पुसलेल्या जागेचा, कारण फाइल सिस्टिमने कळवल्याशिवाय डिस्कला त्याचा पत्ता लागत नाही. त्यासाठी ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली हे डिस्कला कळवणारी सूचना, आलं. प्रत्येक डिलीटबरोबर ते पाठवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा एफएसट्रिम ही आज्ञा चालवणं अनेक लिनक्स वितरणांनी पसंत केलं.