‘मन मोकळं करणं’ आणि भावनेला नाव देणं : थोडी पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोलीतल्या एका समुपदेशकांच्या खोलीत भिंतीवर भावनांचा तक्ता लावलेला आहे. गोल चेहरे, त्यांखाली शब्द : विषण्ण, उद्विग्न, हताश, भयभीत. इंग्रजी तक्ता शेजारी ठेवून शब्दकोशातून उतरवलेला, हे लगेच कळतं. काटोलकडच्या एका बाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, “याच्यात ‘कसंतरी होऊन राहिलं’ कुठं हाये जी?”

भावना बोलल्याने माणूस सुधारतो, हे गृहीतक मानसोपचारात सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. बोलणं म्हणजे नेमकं काय, यावर मात्र मत फिरत आलं. मराठीत हा गुंता आणखी वाढवला तो एका शब्दाने : विरेचन, म्हणजे आयुर्वेदातलं जुलाब देऊन पोट साफ करणं.

१८८० ते १८८२ या काळात व्हिएन्नातल्या एका तरुणीवर उपचार चालले होते. आजारात तिची जर्मन जवळजवळ गेली, इंग्रजी उरली. संध्याकाळी डॉक्टरांपुढे सगळं बोलून झालं की तिला हलकं वाटे. या प्रकाराला ती चेष्टेनं ‘धुराडं झाडणं’ म्हणायची. ब्रॉयर आणि फ्रॉइड या तिथल्या दोन डॉक्टरांच्या १८९५ च्या पुस्तकात ही पद्धत ग्रीक नाव घेऊन आली, ‘कॅथार्सिस’. (त्या पुस्तकातून तिचा आजार गेल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात १८८२ च्या उन्हाळ्यातच तिला आरोग्यधामात दाखल करावं लागलं होतं.)

ग्रीक नाट्यविचारातल्या या शब्दाचा अर्थ मुळातच वादातला. कोणी म्हणे शुद्धी, कोणी म्हणे पोट साफ होणं. १८५७ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने वैद्यकीय अर्थाची बाजू जोरात मांडली, आणि पुढे या दोघा डॉक्टरांपैकी धाकट्याच्या, म्हणजे फ्रॉइडच्या, बायकोचा तो काका निघाला. मराठी समीक्षेने ‘विरेचन’ हा शब्द उचलला, म्हणजे तीच बाजू घेतली. तिथून तो मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत शिरला आणि ‘साचलेलं बाहेर काढा’ हेच उपचाराचं सार होऊन बसलं.

माझ्या मते ही निवड महागात पडली. गंमत अशी की शब्द घेतला आणि त्यामागची प्रक्रिया आयुर्वेदातच राहिली. पंचकर्मात विरेचन थेट देत नाहीत. आधी स्नेहन, स्वेदन, म्हणजे तूप-तेल देणं आणि घाम काढणं. नंतर संसर्जन क्रम, म्हणजे पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर येणं. वैद्य हे दोन्ही टोकांचे दिवस मोजून देतो. मन मोकळं करायला सांगणारे बहुतेक मधलाच दिवस सांगतात.

तो मधला दिवस एकटाच दिला तर काय होतं, याची चाचणी नंतर झाली. १९८३ मध्ये आपत्कालीन सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी मांडलेली, पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच बैठकीत सगळं बोलतं करायची पद्धत पुढे अपघात किंवा आपत्तीतून वाचलेल्यांसाठीही पसरली. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या भाजलेल्या रुग्णांचा अभ्यास आला : १३ महिन्यांनंतर बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना आघातोत्तर तणावविकार होता, न केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. बोलतं केलेल्यांच्या जखमा मुळात जास्त गंभीर होत्या, हे खरं. तरी २००५ मध्ये तिथल्या मार्गदर्शक सूचनांनी ही एकाच बैठकीची पद्धत सरसकट वापरू नका असं सांगितलं. रागाचंही तसंच. २००२ च्या एका प्रयोगात अपमान करणाऱ्याला आठवत सँडबॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. दोन मिनिटं नुसते बसलेले जास्त शांत निघाले.

मग उपयोग कशाचा? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनमधल्या एका मनोविकारतज्ज्ञाने भावनांसाठी शब्दच न सापडण्याला ‘अलेक्सिथायमिया’ हे नाव दिलं. १९८६ मध्ये विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं आपल्या आघाताबद्दल लिहिलं. लिहून उठताना ते जास्त खिन्न होते, पण पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे दवाखान्यात कमी गेले. अशा लिखाणांतले शब्द पुढे मोजले गेले, तेव्हा दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळतं’ असे शब्द ज्यांच्याकडे वाढले त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं की चिडलेल्या चेहऱ्याला ‘राग’ असं नाव दिलं की अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागाची, खळबळ उतरते; त्याच चेहऱ्याला नुसतं माणसाचं नाव दिलं तर तेवढी उतरत नाही. २०१२ मध्ये कोळ्याला घाबरणाऱ्यांना जिवंत कोळ्यासमोर आणून ‘मला भीती वाटतेय, हा अंगावर उडी मारेल’ असं म्हणायला लावलं. आठवड्याने तपासलं तेव्हा, मन दुसरीकडे वळवणाऱ्यांपेक्षा या लोकांच्या अंगाला कमी घाम फुटला. भीतीचे शब्द जितके जास्त वापरले, तितका फरक जास्त. इथे काहीही ‘बाहेर काढलं’ नव्हतं. जे होतं त्याला नाव दिलं होतं.

नागपुरात मनोरुग्णालय १८६४ पासून आहे आणि पागलखाना चौक हे नाव ऑटोवाल्यांच्या तोंडी आजही आहे. तिथला बराच काळ कोंडून ठेवण्याचा. रुग्णांच्या हक्काची भाषा कायद्यात ठळकपणे आली ती २०१७ मध्ये, आणि १४४१६ या टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर मराठीत बोलता येऊ लागलं ते २०२२ नंतर. दवाखान्यात सांगायचं तर इकडे शरीरातूनच सांगतात : छातीत गोळा येऊन राहिला, डोकं जड होऊन राहिलं. याला शब्दांचा दुष्काळ म्हणणारे मला घाईचे वाटतात. ‘येऊन राहिला’मध्ये काहीतरी चालू आहे, अजून संपलेलं नाही, एवढं तरी नोंदलेलं असतं. मराठीत आपण राग करतो त्याहून तो आपल्याला येतो जास्त. भीती वाटते, रडू फुटतं. नाव देण्याचं काम इथून सुरू करता येतं, तक्त्यातल्या ‘उद्विग्न’पासून नाही.

समुपदेशकांनी त्या बाईंना ‘कसंतरी’ कुठे होतं तेवढंच विचारलं. त्यांनी गळ्यावर हात ठेवला. चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, “मले वाटे राग हाये. राग नाही जी, भेव हाये. पोरगी पुण्याले गेली तवापासून.” ‘भेव’ही तक्त्यात नव्हतं, ‘भयभीत’ होतं.